हौशी रंगभूमीवरून पडद्यावर आणि तिथून पटकथेकडे : नव्या अभिनेत्रींसाठी

राज्य नाट्य स्पर्धेत दोन-तीन वर्षं भूमिका केल्या, एखाद्या वर्षी अभिनयाचं रौप्यपदक मिळालं, की ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, ‘मग आता सिरियल कधी?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुढे येणारेही पुष्कळ असतात. त्यातले निम्मे ‘माझी तिकडे ओळख आहे’ असं म्हणतात आणि उरलेले पोर्टफोलिओचे पैसे मागतात.

नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या, स्पर्धेच्या हंगामासाठी रजा राखून ठेवणाऱ्या आणि कॉलेजच्या एकांकिकांमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय. मी याच वाटेने आले : आधी हौशी मंडळ, मग मालिका-सिनेमांतल्या लहान भूमिका, आणि आता मुख्यतः पटकथा-संवाद. या क्षेत्रातली माहिती तोंडी फिरते, आणि सांगणाऱ्याच्या सोयीने फिरते.

सुरुवातीलाच एक सांगते. ‘आधी नटी म्हणून नाव कमवीन, मग लिहीन’ असा क्रम ठरवू नका. दोन्ही एकाच वेळी सुरू करा. हौशी मंडळात तुम्ही वाक्यं पाठ केलीत, कुठलं वाक्य तोंडात बसत नाही हे तालमीत अनुभवलंय, प्रेक्षक नेमके कुठे चुळबुळ करायला लागतात हे विंगेत उभं राहून ऐकलंय. लेखनाची अर्धी तयारी इथेच झालेली असते. शिवाय अभिनयाचं काम दुसऱ्या कुणाचा फोन येईपर्यंत सुरू होत नाही. तो मधला काळ लांबलचक असतो आणि रिकामा गेला तर माणूस खचतो.

१. मंडळ सोडण्याआधी मंडळाकडून सगळं घ्या

हौशी रंगभूमी म्हणजे फक्त राज्य नाट्य स्पर्धा नाही. कॉलेजात असाल तर पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था तो १९६३ पासून भरवते. नाट्य, नृत्य, संगीत, चित्र असं सगळं एकाच सादरीकरणात बसवायला लावणारा फिरोदिया करंडक आहे. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ आहे. वर्षभरात इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिका तिथे प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री उतरतात. नोकरी करणाऱ्यांसाठी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य स्पर्धा आहेत. आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात राहत असाल तर झाडीपट्टीचा हंगाम आहे. तिथे दिवाळीनंतर रात्र-रात्र तिकीट काढून नाटक बघितलं जातं आणि नटीला कामाचे पैसे मिळतात. पुण्या-मुंबईतल्या लोकांना झाडीपट्टीचं मोल कळत नाही, तो त्यांचा तोटा.

या काळात अभिनयाव्यतिरिक्त चार कामं करून ठेवा.

पहिलं, निदान एका नाटकासाठी प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे विसरलेलं वाक्य नटाला हळूच सुचवायचं काम. संहिता हातात धरून रोज तालीम ऐकली, की वाक्य कुठे लांबलंय आणि कुठला प्रवेश उगाच आहे हे आपोआप कळायला लागतं.

दुसरं, संपादित संहिता जपून ठेवा. दिग्दर्शकाने जी पानं कापली त्यांच्या कडेला ‘का कापलं’ हे एका ओळीत लिहा.

तिसरं, प्रयोगाचं चित्रीकरण करून घ्या. मागच्या रांगेत कुणीतरी हलत्या हाताने धरलेला मोबाइल चालत नाही. स्टँडवर एक कॅमेरा आणि आवाजासाठी रंगमंचाजवळ वेगळा रेकॉर्डर, एवढं पुरतं.

चौथं, कागदपत्रांचं काम शिका. लेखकाची लेखी परवानगी, मानधनाची पावती, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला आपण सरसकट ‘सेन्सॉर’ म्हणतो. ही धावपळ मंडळातला एखादा काका वर्षानुवर्षं करत असतो. त्याच्याबरोबर एकदा फिरा. उद्या स्वतःच्या संहितेचे हक्क सांभाळताना ही सवय उपयोगी येईल.

२. शिक्षण : किती आणि कुठे

पदवी नसेल तर काम मिळत नाही असं नाही. पण सलग दोन-तीन वर्षं देता येत असतील तर द्या. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) ही सरकारी किंवा विद्यापीठाची ठिकाणं आहेत. एफटीआयआयमध्ये अभिनय आणि पटकथालेखन दोन्ही शिकवतात, आणि नोकरी न सोडता करता येतील असे अल्प मुदतीचे वर्गही असतात.

खासगी ‘अ‍ॅक्टिंग अकॅडमी’ निवडताना एवढंच विचारा : शिकवणार कोण, आणि ती व्यक्ती स्वतः किती तास वर्गात असणार? भिंतीवर प्रसिद्ध नटाचा फोटो आणि वर्गात मागच्या बॅचचा विद्यार्थी, असा प्रकार सर्रास चालतो. ‘कोर्स संपला की काम नक्की’ असं जिथे सांगतात तिथून निघा.

आकाशवाणीच्या नाट्यविभागाची स्वरचाचणीही द्या. डबिंगला उभं राहाल तेव्हा माइकसमोरची ही ओळख फार उपयोगी पडते.

३. जवळ काय काय हवं

- फोटो : चेहरा जवळून, अर्धा, पूर्ण उंचीचा आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल. साध्या कपड्यात, दिवसाच्या उजेडात, जवळपास विनामेकअप. लग्नातल्या साडीतले आणि फिल्टर लावलेले फोटो पाठवू नका. सहा महिन्यांनी, किंवा केस कापले की लगेच, नवे काढा.
- ओळखीचा व्हिडिओ : नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, बोलता येणाऱ्या भाषा आणि बोली. शेवटी दोन्ही बाजूंचे प्रोफाइल आणि हात. एक मिनिटाच्या आत.
- कामाचे तुकडे : दोन-तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ. सगळ्यात चांगलं काम सुरुवातीला. नाटकाचं चित्रीकरण असेल तर जवळून घेतलेलाच भाग.
- एका पानाची कामांची यादी : नाटक, भूमिका, दिग्दर्शक, वर्ष. बक्षिसं दोन ओळींत. पोहणं, दुचाकी, घोडेस्वारी, लावणी, भजन, जे खरंच येतं तेवढंच. ‘पोहता येतं’ असं लिहाल आणि सेटवर विहीर असेल, तर पंचाईत तुमचीच.
- कागदपत्रं : पॅन, आधार, बँक खात्याचा तपशील, पासपोर्ट असल्यास त्याची प्रत. पॅन आणि बँक खात्यावरचं नाव सारखं हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे पैसे इथे अडकतात. पडद्यावरचं नाव वेगळं ठेवायचं असेल तर ते पहिल्या कामाआधी ठरवा आणि मग बदलू नका.
- साधनं : मोबाइलचा स्टँड, कॉलरला लावायचा माइक, पाठीमागे लावायला साधं एकरंगी कापड.

बोलीबद्दल थोडं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, कोल्हापुरी, जी तुमची घरची असेल ती व्हिडिओत अर्धं मिनिट बोला. पूर्वी नाटकवाली मुलगी म्हणजे प्रमाणभाषाच बोलणार असा दंडक होता. आता मालिका साताऱ्यात, वाईत, कोल्हापुरात, नाशकात चित्रित होतात आणि अस्सल बोली येणारी नटी शोधावी लागते.

४. ऑडिशन : कुठे मिळते आणि कुठे सापळा असतो

मराठी मालिका-सिनेमांची ऑडिशन हल्ली बहुतेक वेळा घरूनच मागवतात. एक संवाद येतो, तो चित्रित करून उद्यापर्यंत पाठवायचा. हिंदी कामांसाठी मुंबईत वर्सोव्याचं आराम नगर, जिथे ऑडिशन चालतात, ते अजूनही गजबजलेलं असतं. पण तेवढ्यासाठी लगेच मुंबईत खोली घेऊ नका. घरून पाठवलेल्या व्हिडिओंमुळे दुसऱ्या फेरीला बोलावणं यायला लागलं, की मग विचार करा.

घरून पाठवताना मोबाइल आडवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, उजेड समोरून. समोरची वाक्यं वाचायला कुणाला तरी कॅमेऱ्याच्या शेजारी बसवा आणि त्या व्यक्तीकडे बघून बोला. थेट भिंगात बघून बोलायचं ते फक्त ओळख करून देताना. फाइलला नाव द्या : तुमचं नाव, भूमिकेचं नाव. शेकडो ‘व्हिडिओ १’ नावाच्या फाइल्समधून कुणी तुम्हाला शोधणार नाही.

सापळे ओळखायच्या खुणा अशा :

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी शुल्क, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘डिपॉझिट, नंतर परत मिळेल’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा’ ही सगळी एकाच धंद्याची नावं. कलाकारांना काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, ते काम झाल्यावर आणि पैसे आल्यावर.

ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत होते, दिवसा होते. हॉटेलची खोली, ‘सर रात्रीच मोकळे असतात’, ‘एकटीच या’ यातलं एकही वाक्य ऐकलं की जायचं नाही. कारण विचारत बसू नका. पहिल्या काही भेटींना मंडळातलं कुणीतरी बरोबर न्या, बाहेर बसू दे. गंभीरपणे काम करणारा माणूस याला हरकत घेत नाही.

निर्मितीसंस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेच्या आधीच्या कामात असलेल्या कुणाला तरी फोन करा. मराठी क्षेत्र लहान आहे. दोन फोनमध्ये माणूस कळतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या सेटलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं मालकावर बंधनकारक आहे. समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मुदत लक्षात ठेवा, कारण ‘शूटिंग संपू दे, मग बघू’ असं म्हणता म्हणता ती निघून जाते. आणि आलेले मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून ठेवा.

५. नाटकातून कॅमेऱ्यासमोर जाताना काय बदलतं

‘नाटकवाले लाउड असतात’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. त्याला घाबरून चेहरा गोठवू नका. आवाज आणि हातवारे कमी करणं सोपं आहे, ते आठवड्यात जमतं. खरी अडचण वेगळीच असते.

नाटकात भूमिका सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग चढत जाते. सिनेमात नवऱ्याच्या मृत्यूचा प्रसंग सकाळी नऊला आणि त्याच नवऱ्याशी पहिल्या भेटीचा प्रसंग दुपारी तीनला असू शकतो. त्यामुळे पटकथा हातात आली की आपल्या दृश्यांची कथेच्या क्रमाने यादी करायची. प्रत्येक दृश्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या : याआधी काय घडलंय, मला काय ठाऊक आहे, मला काय हवंय. चित्रीकरणाच्या क्रमाचा कागद आला की त्या दिवसाची दृश्यं या यादीत शोधायची. मी हे अजूनही करते, आणि लेखक म्हणून कुणाची पटकथा तपासतानाही नेमकी हीच यादी करते. पात्राला दृश्यात काहीच नको असेल तर ते दृश्य बहुधा फेकण्याजोगं असतं.

दुसरा बदल कंटिन्युइटीचा, म्हणजे एकच कृती प्रत्येक शॉटमध्ये जशीच्या तशी राखण्याचा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळं दृश्य लांबून सलग घेतात त्या शॉटमध्ये, कप ‘आणि तू गेलास’ या शब्दावर खाली ठेवला असेल, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दावर ठेवायचा. नाटकातल्या हालचाली पाठ ठेवायची सवय इथे कामी येते. फक्त प्रमाण बारीक होतं.

तिसरा बदल समोरच्या नटाचा. तुमच्या क्लोजअपच्या वेळी तो कॅमेऱ्याबाहेर उभा राहून वाक्यं देईल, किंवा दमला असेल तर सहायक दिग्दर्शक सपाट आवाजात ती वाचेल. प्रेक्षकांकडून येणारी ऊब तर नसतेच. नाटकवाल्यांना हे सगळ्यात जड जातं. उपाय एकच : क्लोजअपच्या आधीच्या टेकमध्ये समोरच्याने जे केलं ते नीट बघून ठेवा, आणि सपाट वाक्याला त्याची प्रतिक्रिया द्या.

सिंक साउंड असेल, म्हणजे आवाज सेटवरच ध्वनिमुद्रित होत असेल, तर समोरच्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवू नका, ध्वनिमुद्रकाला विचारा. उभं राहण्यासाठी जमिनीवर केलेल्या खुणेवर थांबायचं, पण खाली बघायचं नाही. घरी जमिनीवर चिकटपट्टी लावून याचा सराव करा. आणि सेटवर मोकळा वेळ असेल तेव्हा व्हॅनिटीत बसून राहू नका. मॉनिटरच्या मागे, परवानगी घेऊन, उभं राहा. कागदावर लिहिलेलं दृश्य किती शॉट्समध्ये मोडतं हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

६. पैसे आणि करार

नाटकात ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, प्रयोग संपल्यावर पाकिटात मिळते. पडद्याच्या कामात बिल द्यावं लागतं. मालिकांमध्ये काम केल्यावर तीन महिन्यांनी पैसे येण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे नोकरी सोडण्याआधी निदान तेवढ्या काळाचा घरखर्च बाजूला हवा.

करारात बघायच्या गोष्टी : दिवसाचे पैसे की एकरकमी, दिवस म्हणजे किती तास, जादा वेळेचं काय, प्रवास-राहणं कोण देणार, डबिंगचे दिवस त्यातच धरलेत का, तुमच्या तारखा किती काळ अडकणार आणि काम रद्द झालं तर काय. ‘आपण घरचेच आहोत, कागद कशाला’ असं म्हणणाऱ्याला मीच ईमेल पाठवते : ‘आज बोलणं झाल्याप्रमाणे इतके दिवस, इतके पैसे, अमुक तारखेपर्यंत. काही चुकलं असेल तर कळवा.’ नम्रपणे लिहायचं. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी काय ठरलं होतं याची नोंद राहते.

मानधनातून साधारण दहा टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नसेल तर वीस. कापलेला कर आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतो की नाही हे दर तिमाहीला बघा. दिसत नसेल तर निर्मितीसंस्थेच्या हिशेबनिसाच्या मागे लागा. उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरा, परतावा त्याशिवाय मिळत नाही. सिनेमातले कलाकार आणि पटकथा-संवादलेखक करकायद्यात व्यावसायिक धरले जातात, म्हणून पहिल्या वर्षीच एखादा सीए गाठा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटीची चिंता सहसा नसते.

७. लिहायला सुरुवात

माझं मत ठाम आहे : पहिली पटकथा दोन तासांच्या सिनेमाची लिहू नका. आधी एक एकांकिका लिहा आणि आपल्याच मंडळात बसवून बघा. मग दहा मिनिटांचा लघुपट लिहा, शक्य झालं तर तुम्हीच त्यात काम करा. एडिटिंगच्या टेबलावर आपली लाडकी वाक्यं कापली जाताना बघणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला वर्ग आहे.

नाटकाकडून येणाऱ्या माणसाचा एक ठरलेला दोष असतो. पात्रं सगळं बोलून टाकतात. नाटकात ते चालतं, कारण तिथे शब्द हाच मुख्य आधार. समजा, गोष्ट अशी : भावाने बहिणीला न विचारता शेत विकलं. नाटकात ती माजघरात येते आणि आईला सगळं सुनावते, दीड पानांचं स्वगत, टाळ्या. पटकथेत ते असं होईल :

दृश्य १४. बाह्य. विहिरीजवळची मोटारखोली. सकाळ.
शालन कमरेची किल्ली काढून कुलपात घालते. किल्ली फिरत नाही. पुन्हा घालते. कुलूप हातात धरून बघते : नवंकोरं, कंपनीचा कागद अजून चिकटलेला. आत मोटार सुरू असल्याचा आवाज. बांधावरून एक अनोळखी पोरगा ओरडतो.
पोरगा : ओ मावशी, कोण पायजे?

शेत विकल्याचं एकही वाक्य नाही, तरी सगळं कळलं. आणि अभिनेत्री म्हणून विचार करा, यातलं कुठलं दृश्य तुम्हाला करायला आवडेल? हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सोय फक्त आपल्यासारख्यांना असते.

कामाचा क्रम असा ठेवा : गोष्ट दोन वाक्यांत, मग एका पानात. त्यानंतर दृश्यांची यादी, म्हणजे प्रत्येक दृश्यात काय घडतं ते दोन ओळींत, संवादाशिवाय. मग पटकथा. संवाद शेवटी. नाटकवाल्यांना संवाद आधी लिहायची खाज असते, ती दाबा. दृश्यांची यादी भिंतीवर लावा आणि एकेक चिठ्ठी काढून बघा. चिठ्ठी काढूनही गोष्ट कळत असेल तर ते दृश्य नकोच होतं.

मांडणीचे नियम थोडेच आहेत. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा, वेळ. वर्णन वर्तमानकाळात आणि जे दिसतं-ऐकू येतं तेवढंच. ‘तिला बालपण आठवतं’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीतल्या ठरलेल्या मांडणीचा आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळीतलं अंतर बदललं की तो बदलतो, म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचा. युनिकोडमध्येच लिहा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल समोरच्याच्या संगणकावर नुसते चौकोन दाखवते. बरेच जण दृश्यांचं वर्णन इंग्रजीत आणि संवाद मराठीत लिहितात, तंत्रज्ञ अमराठी असतील तर ते सोयीचंही पडतं. पण पहिला खर्डा पूर्ण मराठीत करा.

पहिला खर्डा झाला की मंडळातल्या लोकांना बोलावून वाचन करा. स्वतः वाचू नका. दुसऱ्यांना भूमिका वाटून द्या आणि तुम्ही फक्त ऐका. नट जिथे आपोआप शब्द बदलतो तिथे वाक्य चुकलंय.

नटाने लिहिलेलं निराळं असतं याचा दाखला हवा असेल तर ‘देऊळ’ (२०११) आहे. गिरीश कुलकर्णी यांना त्या एकाच सिनेमासाठी अभिनयाचा आणि संवादलेखनाचा, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. बायकांमध्ये नाटकाकडून आलेल्या इरावती कर्णिक यांनी ‘झिम्मा’ (२०२१) लिहिला. सात बायकांना पडद्यावर एकाच वेळी काहीतरी करायला देणारी पटकथा किती अवघड असते, हे लिहायला बसल्यावर कळतं.

८. हक्क : पाठवण्याआधी नोंदणी

कल्पनेला कॉपीराइट नसतो. ‘विधवा बाई ट्रॅक्टर चालवायला शिकते’ ही कल्पना कुणीही वापरू शकतो. तिची तुम्ही केलेली मांडणी, म्हणजे दृश्यं, पात्रं, संवाद, ही तुमची असते. म्हणून चहाच्या टपरीवर गोष्ट सांगायची नाही, निदान दोन पानं लिहून झाल्याशिवाय.

कॉपीराइट लिहिल्याक्षणीच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर तारखेचा पुरावा लागतो. दोन वाटा आहेत. एक, मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन : सभासद झालात की संहिता ऑनलाइन नोंदवता येते, आणि वाद उद्भवला तर त्यांची तंटा निवारण समितीही आहे. दोन, केंद्र सरकारचं कॉपीराइट कार्यालय : अर्ज ऑनलाइन, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. मी पहिली वाट प्रत्येक महत्त्वाच्या खर्ड्यासाठी वापरते आणि दुसरी अंतिम पटकथेसाठी. स्वतःला पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. त्यावर भिस्त ठेवू नका.

दुसऱ्याच्या कथेवर लिहायचं असेल तर आधी लेखी हक्क घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य २०११ पासून सर्वांना खुलं आहे. मंडळात बसवलेल्या नाटकाची प्रयोगाची परवानगी ही सिनेमाची परवानगी नसते, हे विशेष लक्षात ठेवा. आणि मंडळात सगळ्यांनी मिळून तालमीत रचलेली एकांकिका असेल, तर तिच्यावरून एकटीने पटकथा लिहिण्याआधी सगळ्यांच्या सह्या घ्या. या एका कारणावरून जन्माच्या मैत्र्या तुटलेल्या मी बघितल्यात.

९. कथा ऐकवणं, करार आणि नाव

निर्माते वाचत नाहीत, ऐकतात. म्हणून ‘नॅरेशन’ ही आपल्या फायद्याची गोष्ट आहे. रंगमंचावर वाढलेली बाई पटकथा ऐकवायला बसली की खोली शांत होते. पण नाटक करून दाखवू नका. सगळ्या पात्रांचे आवाज काढून ऐकवलं की लोक तुमच्या सादरीकरणावर खूश होतात आणि महिन्याने त्यांना गोष्ट आठवत नाही. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी ईमेल करा : कुठली कथा, कुणाकुणाला ऐकवली, सोबत नोंदणी झालेला सारांश.

‘या भूमिकेसाठी मीच’ अशी अट पहिल्याच भेटीत घालू का, हा प्रश्न मला सारखा विचारतात. माझं उत्तर : ज्या लहान भूमिकेसाठी कुणी भांडणार नाही, तिच्यासाठी अट घाला. मुख्य भूमिकेसाठी घातलीत तर निर्मात्याला पटकथा नाकारायला सोपं कारण मिळतं.

निर्मितीच्या वाटा खासगीच असतात असं नाही. एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथालेखकांसाठी स्क्रीनरायटर्स लॅब आहे. अर्ज करताना सारांश आणि लेखकाचं मनोगत तयार ठेवावं लागतं. निवड मोजक्यांचीच होते, पण त्या अर्जाच्या निमित्ताने कथा घासून निघते.

लेखनाच्या करारात पुढच्या गोष्टी वाचाच :

मराठीत श्रेय तीन तुकड्यांत जातं : कथा, पटकथा, संवाद. तुमचं नाव कुठल्या तुकड्यावर, एकटीचं की कुणाबरोबर, आणि पोस्टरवर येणार का, हे स्पष्ट शब्दांत हवं. ‘संवाद साहाय्य’ म्हणून बोलावून पूर्ण पटकथा लिहून घेण्याची एक रीत आहे.

पैसे टप्प्यांत घ्या : सही करताना, दृश्यांची यादी दिल्यावर, पहिल्या खर्ड्यावर, अंतिम खर्ड्यावर. ‘सिनेमा फ्लोअरवर गेल्यावर’, म्हणजे चित्रीकरण सुरू झाल्यावर, हा शेवटचा टप्पा असेल तर त्यात कमीत कमी रक्कम ठेवा, कारण कित्येक सिनेमे फ्लोअरवर जातच नाहीत. किती वेळा दुरुस्ती करून द्यायची तेही लिहून घ्या.

हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच वैध असतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणून छापील करारात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात, ते दिसले की थांबा आणि वकिलाला दाखवा. निदान एवढं मागा : ठरलेल्या काळात सिनेमा सुरू झाला नाही तर हक्क परत. तुम्ही पगारी नोकर म्हणून लिहीत असाल तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक कंपनी ठरते, हे मालिकांच्या लेखनकक्षात जाताना ध्यानात असू द्या.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला आपला वाटा लेखकाला करारात निर्मात्यासाठी सोडून देता येत नाही. तरीही ‘सर्व रॉयल्टीचा त्याग करते’ असं कलम छापलेलं सापडतं. ते खोडायला सांगा. नवख्या लेखिकेला हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून सांगण्याचं वाक्य देऊन ठेवते : ‘हे कलम कायद्यात बसत नाही असं माझ्या वकिलांचं म्हणणं आहे, तेवढं काढून पाठवाल का?’

चित्रीकरण सुरू झालं की श्रेयनामावलीचा खर्डा बघायला मागा, आणि सिनेमाच्या सेन्सॉरला प्रत जाण्याआधी पुन्हा एकदा बघा. नावाचं स्पेलिंग, आडनाव, ‘कथा-पटकथा’मधली ती मधली रेघसुद्धा. नंतर बदलायला गेलात तर प्रत पुन्हा काढायचा खर्च कोण करणार, यावर सगळे गप्प बसतात.